भाऊबंद

भाऊबंद हा शब्द जितका जिव्हाळ्याचा, तितकाच त्यापासून निघालेला भाऊबंदकी हा शब्द कडवट आहे. ही खोड एकट्या मराठीची नव्हे. संस्कृतांत भ्रातृव्य म्हणजे भावाचा मुलगा, आणि भ्रातृव्य म्हणजे शत्रुहि. पाणिनीनें हे दोन अर्थ लागोपाठच्या दोन सूत्रांत सांगितले असून त्यांत भेद राखला आहे तो केवळ प्रत्ययाचा व त्यामुळें होणाऱ्या स्वराचा. शाळेंत शिकवितांना आम्ही ही गोष्ट मुलांस गमतीखातर सांगत असूं. गेल्या वैशाखांत दापोली तालुक्यांतील आमच्या मूळ गांवीं कुटुंबाचें संमेलन भरलें, तेव्हां या दोन अर्थांत खरोखरच किती थोडें अंतर असतें तें डोळ्यांनीं पाहावयास मिळालें.

आमचे आजोबा शिक्षणाकरितां हर्णैच्या बंदरांतून आगबोटीनें मुंबईस व तेथून पुण्यास आले, ते तिकडचेच झाले. वडिलांनीं गांव दोनदां पाहिला, आम्हीं एकदांच, मुंज झाल्यावर कुलदैवताच्या दर्शनास गेलों तेव्हां. धर्मशास्त्रानें पित्याकडून सात पिढ्यांपर्यंत सापिंड्य मानिलें; १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें तें पांचांवर आणिलें; आमच्या शहरांतील सदनिकांनीं तें दोनांवर आणिलें, आणि त्याकरितां कोणताहि कायदा करावा लागला नाहीं. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर निमंत्रण येतांच आमच्या मंडळींनीं विचारलें, “तिथं आपल्याला ओळखणारं कोण आहे?” प्रश्न रास्त होता. तरी खेडचीं तिकिटें काढलीं. खेडहून दापोली व दापोलीहून खालीं समुद्राकडे, असा प्रवास करून आम्ही उभयतां दुपारीं जांभ्याच्या त्या जुन्या गडग्याशीं येऊन पोहोंचलों.

अंगणांत झापांचा मांडव घातला होता व त्याखालीं साठ-सत्तर माणसें होतीं. त्यांतील एकाचाहि चेहरा आमच्या ओळखीचा नव्हता. आम्हीं आपलें नांव सांगितलें, शाळा सांगितली, पेठ सांगितली. त्यांपैकीं कशाचाच तेथें उपयोग झाला नाहीं. सर्वांचा प्रश्न एकच: “तुम्ही कोणाचे?” अखेर आजोबांचें नांव सांगतांच पडवींत तांदूळ निवडीत बसलेल्या एका वृद्ध बाईंनीं मान वर केली आणि म्हणाल्या, “मधल्या घरचे होय! नाक तेंच हो.” पस्तीस-छत्तीस वर्षें ज्यास लोक ‘सर’ म्हणत आले, त्यास नाकावरून ओळख मिळावी, यांत आम्हांस मौज वाटली आणि, खरें सांगावयाचें तर, बरेंहि वाटलें.

ओटीवर झोपाळ्यावर वडिलांचे चुलत बंधु बसले होते. वय ब्याण्णव. आम्हीं नमस्कार केला. त्यांनीं डोळे बारीक करून पाहिलें व आंत हांक मारली, “पोरानें चहा घेतला काय गो?” हें पोर सहासष्ट वर्षांचें आहे, हें त्यांच्या गांवींहि नव्हतें. येथेंहि पाणिनीचीच आठवण झाली. पौत्रापासून पुढील संततीस तो गोत्र म्हणतो. पण वंशांतील वडील माणूस जिवंत असेपर्यंत प्रपौत्रादिकांस ‘युवा’ ही संज्ञा देतो, मग त्यांचे केस काळे असोत वा पांढरे. गर्गाचा पौत्र तो गार्ग्य, आणि वडील हयात असतां त्यापुढचा तो गार्ग्यायण. नात्यानें व वयानें वडील असा दुसरा कोणी सपिंड जिवंत असला, तरीहि विकल्पानें ही संज्ञा मिळते. तारुण्य हें वयावर नसून डोक्यावर कोणी वडील आहे कीं नाहीं यावर अवलंबून असतें, हा त्या व्यवस्थेचा भाव. पुण्यास आम्ही घरांतले सर्वांत वडील. त्या ओटीवर एका वाक्यासरशीं युवा झालों.

जेवणांत फणसाची भाजी, आमसुलाचें सार, उकडीचे मोदक. वाढणारे आमचे चुलत-चुलत बंधु, त्या घरांत राहणारे एकटे गृहस्थ. जेवणानंतर त्यांनीं आम्हांस आगर दाखविलें. १ एप्रिल १९५७ पासून कूळकायद्यानें भातजमीन कसणाऱ्यांकडे गेली, तेव्हां कुटुंबास उरलें तें हें घर व सव्वा एकर आगर. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ आलें आणि दोन पिढ्यांचे माड व पोफळी एका दुपारीं आडव्या झाल्या. “किती गेल्या?” आम्हीं विचारलें. “किती राहिल्या तें विचारा,” ते म्हणाले. पोफळ फळास यावयास पांच-सात वर्षें लागतात, हें ठाऊक असूनहि या साठी उलटलेल्या माणसानें त्याच पावसांत नवीं रोपें लाविलीं, आणि तेव्हांपासून उन्हाळाभर रोज शिंपणें चालविलें आहे. कोणी त्यांस सांगितलें नव्हतें, कोणी पैसाहि पाठविला नव्हता.

सायंकाळीं खरा विषय निघाला. सातबाऱ्यावर एकतीस नांवें आहेत. त्यांत आमचें आहे, हें आम्हांस ठाऊक होतें, पण एकतीसांत कितीजणांनीं आगर पाहिलें आहे तें त्या दिवशीं कळलें. घर दुरुस्त करावें, आगरावर कर्ज काढावें, तर बँक सर्वांच्या संमतीच्या सह्या मागते. कोणी मुंबईस, कोणी परदेशांत, कोणी मृत आणि वारसनोंद राहिलेली. बंधु स्वतः कांहींच बोलले नाहींत. काकाच झोपाळ्यावरून म्हणाले, “ज्यांना इकडे यायचें नाहीं, त्यांनीं याच्या नांवें सोडून द्या.”

मांडव एकदम गप्प झाला. मग एका तरुणानें येथून समुद्र किती जवळ आहे तें विचारलें. दुसऱ्यानें शेजारच्या वाडींत गुंठ्यास काय दर आला तें सांगितलें. सकाळपासून एकमेकांचीं नाकें ओळखून हंसणारीं माणसें मनांत भागाकार करूं लागलीं. भ्रातृव्य शब्दाचा स्वर बदलला तो याच क्षणीं. तो तरुण दुष्ट नव्हता. दोन खोल्यांत संसार करणाऱ्यास एकतीसावा हिस्साहि डोळ्यांत भरतो, आणि कायद्यानें तो त्याचाच आहे.

पण हक्क कशानें उत्पन्न होतो, एवढेंच आमच्या मनांत घोळत राहिलें. जन्मानें होतो, हें मिताक्षरेचें मत आम्हांस मान्य आहे. तथापि वादळानंतर एकतीस नांवांपैकीं एकच नांव कुदळ घेऊन बाहेर पडलें, हीहि गोष्ट कोठें तरी लिहिली जावयास हवी. सातबाऱ्यांत त्यास रकाना नाहीं. तो आपणच करावयाचा असतो. त्या रात्रीं आम्हीं मंडळींशीं बोललों, मुलास व कन्येस फोन केला, कारण २००५ पासून कन्येचाहि वडिलार्जितांत मुलाइतकाच हक्क आहे. कन्या म्हणाली, “बाबा, मी ते झाड पाहिलंसुद्धा नाही. द्या.” मुलानें एक दिवस मागून घेतला व मग होकार दिला. सकाळीं आम्हीं काकांस आमच्या शाखेचा निर्णय सांगितला. आणखी चार घरांनीं मान्यता दिली. बाकीच्यांनीं विचार करून कळवितों म्हटलें. अद्याप सर्वांचें उत्तर आलेलें नाहीं, आणि कदाचित् येणारहि नाहीं.

निघतांना बंधूंनीं आभार मानिले नाहींत. पिशवींत दोन नारळ व कोकमाची पुडी घालून एवढेंच म्हणाले, “सह्या होतील तेव्हां होतील. गणपतीला या.”

वाचकांपैकीं पुष्कळांचें नांव अशाच एखाद्या सातबाऱ्यावर पडून असेल. हक्क सोडावा कीं ठेवावा, हें ज्याचें त्यानें ठरवावें; प्रत्येकाची अडचण निराळी. मात्र ठरविण्यापूर्वीं एकदां जाऊन तें आगर पाहावें, शिंपणारा हात पाहावा, आणि आपल्यास ‘पोर’ म्हणणारें माणूस ओटीवर आहे तोंवर जावें. तें गेल्यावर पाणिनीच्या हिशेबानें आपण एकाएकीं म्हातारे होतों, आणि मग ‘तुम्ही कोणाचे?’ असें विचारणारेंहि कोणी उरत नाहीं.