होडीचे खाते



लग्न झाल्यापासून मी घरखर्चाची वही ठेवते. किराणा, दूध, औषधे, दान, सणवार, आल्यागेल्याचे अशी तिची ठरलेली पाने आहेत. बी.कॉम. झाले, नोकरी केली नाही, पण दर 31 मार्चला माझी वही जुळलेली असते. तीन वर्षांपूर्वी त्या वहीत एक नवे पान उघडावे लागले. त्यावर मी लिहिले, 'होडी'.

हे निवृत्त झाल्यावर सात-आठ महिने खुर्चीत बसून होते. पेपर दोनदा वाचायचे. रात्री तीनला उठून स्वयंपाकघरात पाणी प्यायला यायचे आणि तिथेच बसून राहायचे. विचारले तर म्हणायचे, "काही नाही गं." मग एका जुन्या सहकाऱ्याने त्यांना क्लबवर नेले आणि शिडाच्या होडीत बसवले. आमचे सासर कृष्णाकाठचे. तिकडे पावसाळ्यात होड्यांच्या शर्यती लागतात आणि हे तरुणपणी वल्हे मारायचे, हे मला ऐकून माहीत होते. पण बासष्टाव्या वर्षी माणूस मुंबईच्या समुद्रात एकट्याने शीड सांभाळेल, असे मला कोणी सांगितले असते तर मी हसले असते.

वर्षभर क्लबच्या होडीवर शिकले. मग एकांची बदली झाली आणि त्यांची होडी विकायला निघाली. लेझर म्हणतात तिला. ब्रूस कर्बी नावाच्या कॅनडाच्या माणसाने तिचा आराखडा केला, 1971 पासून ती बाजारात आहे. 2019 पासून तिचे अधिकृत नाव इल्का झाले, पण क्लबवर सगळे लेझरच म्हणतात. साधारण सव्वाचार मीटर लांब, एका माणसाची, एका शिडाची. हीच होडी ऑलिंपिकला असते. आपली नेत्रा कुमनन टोकियोला गेली ती ह्याच होडीवर, थोड्या लहान शिडाने. हे सगळे मला ह्यांनी होडी घ्यायच्या आधी सांगितले, म्हणजे माझी तयारी करत होते. शेवटी म्हणाले, "एकदाच काय तो खर्च. वारा फुकट आहे."

ज्याने कधी हिशेब लिहिला नाही, तोच असे वाक्य बोलू शकतो.

पैशाच्याही आधी एक अडचण होती. काही वर्षांपूर्वी आमच्या गावी माताजींचा चातुर्मास होता, तेव्हा आम्ही दोघांनी परिग्रह परिमाणाचा नियम घेतला होता. कागदावर लिहून, सह्या करून. दहा प्रकारच्या बाह्य परिग्रहात 'यान' येते. तिथे आम्ही लिहिले होते: वाहने दोन. एक गाडी, एक स्कूटर. आता जलयानही यानच. ह्यांनी थोडा वाद घातला की होडी कुठे नेत नाही, जिथून निघते तिथेच परत येते, मग ते वाहन कसे? मी म्हटले, तुमची गाडी तरी कुठे जाते? मग मीच विचारले की ज्या ट्रॉलीवरून होडी पाण्यात नेतात तिला दोन चाके आहेत, तिलाही वाहन धरायचे का? ट्रॉलीला सूट मिळाली. होडीला नाही.

स्कूटर विकली. स्कूटर माझी होती. गुडघ्यांमुळे चालवणे कमी झाले होते हे खरे, पण रोज देवळात मी तिच्यावरूनच जायचे. तेव्हापासून देवळाच्या रिक्षाचे पैसे मी होडीच्या खात्यावर टाकते. हे बरेच दिवस ह्यांना माहीत नव्हते.

दुसरी अट हिंसेची होती. ज्या बोटी बारा महिने पाण्यात उभ्या असतात त्यांच्या तळाला शिंपल्यांसारखे जीव चिकटतात, आणि ते चिकटू नयेत म्हणून तळाला विषारी रंग लावतात. मी तसे चालू देणार नव्हते. पण लेझर दर वेळी ओढून किनाऱ्यावर ठेवतात, तिला तो रंग लागतच नाही. तो खर्चही वाचला.

आता खर्चाकडे येते. रकमा घरच्या आहेत, म्हणून होडीची खरेदी किंमत 100 धरते आणि बाकीचे त्या मापात सांगते.

पहिल्या वर्षी खर्च 41. त्यातले 27 क्लबची वर्गणी, होडी ठेवायच्या जागेचे भाडे आणि विमा. हे होडी हलली काय नि न हलली काय, द्यायचेच. पावसाळ्यात मुंबईला छोट्या होड्या बाहेर काढत नाहीत. जूनमध्ये शीड उतरवायचे, होडी झाकून दोरांनी बांधून ठेवायची, ती पाऊस संपला की उघडायची. म्हणजे होडीचाही चातुर्मासच. पण जागेचे भाडे मात्र बारा महिन्यांचे.

दुसऱ्या वर्षी खर्च गेला 58 वर. ठरलेला खर्च 30 झाला. जाणे-येणे, होडी उतरवायला मदत करणाऱ्या पोराचे पैसे (आणि माझी रिक्षा) मिळून 10. दोऱ्या आणि बारीकसारीक सामान 6. ह्या दोऱ्यांचे एक नवलच आहे. शीड ओढायची वेगळी, खाली ताणायची वेगळी, मागे ताणायची वेगळी, आडवी काठी दाबून धरायची वेगळी. प्रत्येक दोरीला वेगळे नाव आणि प्रत्येक नावाला वेगळा भाव. मी म्हटले, आपल्याकडे वाळत घालायची दोरी आहे. त्यावर उत्तर आले नाही. पण ती दोरी कप्पीतून जाऊन जाऊन जिथे झिजते तिथे बोट लावून पाहिले, तेव्हा घसारा हा शब्द मला चाळीस वर्षांनी खरा समजला. कॉलेजात तो फक्त टक्क्यात होता.

राहिले 12, ते दुरुस्तीचे. लेझरची डोलकाठी होडीच्या वरच्या भागातल्या एका खोल भोकात उभी राहते. ते भोक तळाशी गळायला लागले तर पाणी होडीच्या पोटात जाते, आणि दुर्लक्ष केले तर एखाद्या दिवशी जोराच्या वाऱ्यात काठी सगळा सांधा उखडून बाहेर येते. तपासायची रीत सोपी. भोकात पाणी भरायचे, खूण करायची आणि थांबायचे. आमचे पाणी अर्ध्या तासात दोन बोटे उतरले. फायबरचे काम करणारा माणूस बोलवावा लागला.

मी तेव्हा किनाऱ्यावर स्टुलावर बसून होते. लहानपणी पाठशाळेत नावेचे उदाहरण सगळ्यांनीच ऐकलेले असते. भोकातून पाणी येते तो आस्रव, भोक बुजवले तो संवर, साठलेले उपसून टाकले ती निर्जरा. शंभरदा पाठ म्हटले असेल, पण गळती नाव पहिल्यांदा पाहत होते. आणि एक कळले की पाणी आत येताना दिसत नाही. वरून होडी कोरडी, चकचकीत. फक्त ओढताना जड लागते.

तर दोन वर्षांचे मिळून 99. म्हणजे होडी आम्ही दोन वर्षांत पुन्हा एकदा विकत घेतली. मी ते पान ह्यांच्यापुढे ठेवले, कारण तिसऱ्या वर्षाच्या तोंडावर नव्या शिडाची मागणी आली होती. शीड उन्हाने आणि फडफडण्याने मरते. कापड फाटत नाही, पण त्यातली कडक सळसळ जाते, आकार राहत नाही, आणि शर्यतीत मागे पडायला होते. नव्या अधिकृत शिडाची किंमत 24.

माझ्या वहीत आणखी एक पान होते, 'शिखरजी'. सम्मेद शिखरजीला दोघांनी जायचे, रेल्वे, मधुबनला मुक्काम, मला डोली, सगळे धरून अंदाज 20. हे पान सात वर्षांचे जुने. दर वर्षी काही ना काही निघायचे आणि पुढच्या वर्षावर जायचे. वीस तीर्थंकरांची मोक्षभूमी, चढून-फिरून-उतरून 27 किलोमीटरची वंदना. गुडघे काही माझ्यासाठी थांबणार नव्हते. होडीने शिखरजी खाल्ली असे मी म्हणणार नाही, ती त्याआधीच चार वर्षे रखडली होती. पण 24 आणि 20 हे आकडे मी शेजारी शेजारी लिहिले. मुद्दाम लिहिले.

ह्यांनी आधी गंमत केली. म्हणाले, "गेल्या वर्षी 29 वेळा गेलो, 58 भागिले 29, फेरीला 2 पडले. दुप्पट वेळा गेलो तर स्वस्त पडेल." मी तिथेच मांडून दाखवले. ठरलेला खर्च 30 तसाच राहील, पण बाकीचे 28 झिजण्या-फिरण्याचे आहेत, ते दुप्पट, 56. एकूण 86. फेरी पडेल जवळजवळ दीडला, आणि खिशातून जातील 58 ऐवजी 86. मग म्हणाले, "आता एवढे घातले आहेत तर..." मी म्हटले, घातले ते बुडाले, कॉस्टिंगमध्ये बुडालेला खर्च पुढच्या निर्णयात धरायचा नसतो. शिडासाठी दर वर्षी 8 बाजूला ठेवायला हवे होते, त्याला सिंकिंग फंड म्हणतात, असेही सांगितले. होडीसाठी बुडता फंड, म्हणून हसले. मग पान उलटून वाचत गेले, आणि रिक्षाच्या नोंदीपाशी थांबले. एकेक तारीख बघितली. वही मिटून माझ्या हातात दिली.

त्या रविवारी गेले नाहीत. पुढच्याही नाही. चार रविवार. पेपर दोनदा वाचणे सुरू झाले. मला वाटले होते भांडतील, घासाघीस करतील. चौथ्या रविवारी रात्री तीनला स्वयंपाकघरातला दिवा लागलेला दिसला, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. सकाळी मी पाण्याची बाटली भरून, डबा बांधून दारात ठेवला आणि म्हटले, "अहो, भाडे भरलेलेच आहे. जा." गेले. संध्याकाळी सूर्यास्ताच्या आत जेवायला घरी आले, अंगावर मीठ, आणि रात्री घोरले.

पण माझ्या मनातली गोष्ट पैशाने सुटणारी नव्हती. रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाच्या जागी प्रमादचर्या सांगितली आहे. कारण नसताना माती, पाणी, अग्नी, वारा ह्यांचा आरंभ करणे, कारण नसताना भटकणे. शिडाच्या होडीत पाणी आहे, वारा आहे आणि भटकणे आहे. विहिरीचे पाणी गाळून जिवाणी परत सोडणाऱ्या घरातली मी. भाद्रपदात दशलक्षणात उत्तम आकिंचन्याच्या दिवशी प्रवचन झाल्यावर मी पंडितजींना विचारलेच. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "ग्रंथात विफल शब्द आहे. ताई, फळ आहे की नाही ते तुम्ही सांगा." मी रात्री तीनच्या दिव्याचे सांगणार होते, पण गप्प बसले. नवऱ्याला झोप लागते हे संसाराचे फळ झाले, धर्माचे नव्हे, एवढे मलाही कळते. अजून उत्तर सापडलेले नाही.

ह्यांनी मात्र आपल्या परीने उत्तर काढले. त्याच ग्रंथात परिग्रह परिमाणाचे पाच अतिचार आहेत, अतिवाहन, अतिसंग्रह, विस्मय, लोभ, अतिभारवहन. ह्यांनी 'विस्मय'वर बोट ठेवले. दुसऱ्याचे वैभव बघून चकित होणे. म्हणाले, "शर्यतीच्या दिवशी मी दुसऱ्यांची शिडेच बघत असतो." अधिकृत शीड नको म्हणाले. त्याच मापाचे साधे सरावाचे शीड मिळते, शर्यतीला चालत नाही, बाकी वारा त्यालाही तेवढाच लागतो. त्याची किंमत 11. आणि नियमाच्या कागदावर आणखी एक ओळ आपल्या हाताने लिहिली: होडी, वर्षाला 55, शिडासकट, देवळाच्या रिक्षासकट. क्लबला टॅक्सीऐवजी लोकलने जायला लागले.

पौषात आम्ही शिखरजीला जाऊन आलो. त्यावर वेगळे लिहीन, एका लेखात मावणार नाही. डोलीच्या बरोबरीने हे पूर्ण 27 किलोमीटर चालले, आणि उतरताना दर वळणावर वारा कुठून येतो ते बघत होते, हे मात्र इथेच सांगते.

जुने शीड मी टाकले नाही. गोड्या पाण्याने धुऊन, गच्चीवर वाळवून त्याच्या सोळा पिशव्या शिवल्या. मशीनची सुई तीनदा मोडली. चार घरात, बाकीच्या देवळात तांदूळ-बदाम न्यायला वाटल्या. ह्या पिशव्या कोणत्या खात्यात जमा धरायच्या ते वहीत अजून रिकामे आहे.

तिसरे वर्ष 31 मार्चला बंद केले. ठरलेला खर्च 31, शीड 11, बाकी 10, एकूण 52. आदल्या आठवड्यात ह्यांनी विचारले होते की राहिलेले 3 पुढच्या वर्षात ओढता येतील का. मी म्हटले, परिमाण म्हणजे बँकेतली शिल्लक नव्हे, वर्ष संपले की संपले. 30 तारखेला संध्याकाळी घरी आले ते हातात छोटी पुडी घेऊन. दोन शॅकल आणि एक कप्पी. सरकारी खात्यात मार्चअखेरीला करतात तसे. मी पुडी घेतली, पावती मागितली, आणि 52 खोडून 54 लिहिले.