दूध तोडल्याची रात्र

डुकराच्या पिल्लांचं दूध तोडलं की त्या रात्री मी शेडमध्ये एक फेरी मारतोच. पिल्लं एकमेकांवर रचून झोपलेली असतात. दुपारी आईजवळ टम्म असलेली पोटं आता खपाटीला गेलेली. ज्याची बरगडीमागची जागा जास्तच खोल गेली असेल, त्याच्या पाठीवर रंगीत खडूची रेघ ओढायची. सकाळी कोमट पेज आधी त्याला.

ही सवय लागली सिंधुदुर्गातल्या एका शेडमुळे. दूध तोडून चार दिवस झाले होते, पिल्लांना हगवण लागली होती. मी पाण्याला दोष दिला, मग सोयाबीन पेंडीला. शेवटी एक पिल्लू माझ्यासमोरच गेलं. अंग गरम असतानाच ते फाडलं, कारण उशीर झाला की आतड्याची लव आपोआप गळते आणि मग काहीच कळत नाही. आतड्याचा तुकडा उभा चिरून ताटलीभर पाण्यात सोडला, उन्हात भिंग धरलं. त्याच सकाळी दुसऱ्या मादीखाली चिरडलेल्या, पित्या पिल्लाचा तुकडा शेजारी ठेवला. त्याची लव पाण्यात तरव्यातल्या रोपांसारखी डुलत होती. चार दिवसांपूर्वी दूध तोडलेल्याची लव खुरटलेली, जनावरांनी खाऊन ठेवलेल्या गवतासारखी.

या लवेवर पेशींचा एकच थर असतो, प्रथिनांच्या टाक्यांनी एकमेकींना शिवलेला. जन्मल्यावर पहिला दिवसभर हा थर सताड उघडा असतो. डुकरीच्या वारेतून प्रतिपिंडं पिल्लाकडे जात नाहीत, ती चिकातूनच आत शिरायची असतात. २४ ते ३६ तासांत दार मिटतं. पुढे पेशी काही दिवसांत झडतात, बुडातल्या खळग्यांतून नव्या वर सरकतात. त्यांचं बरंचसं पोषण रक्तातून येत नाही, समोरून जाणाऱ्या अन्नातूनच येतं. दोन दिवस आतडं रिकामं राहिलं की लव आखडते, टाके सैल होतात. मग ई. कोलाय हा जंतू त्याचा फायदा घेतो.

रानात डुकरी दूध हळूहळू, कित्येक आठवड्यांत आटवते. आपण २८व्या दिवशी, कधी २१व्याच, एका दुपारी आई, दूध आणि जागा तिन्ही काढून घेतो. युरोपात दूध तोडल्यानंतरच्या हगवणीवर वर्षानुवर्षं खाद्यातून भरपूर झिंक ऑक्साइड दिलं जाई; २०२२च्या जूनपासून तो औषधी वापर बंद झाला. आपल्याकडे जनावरांना कोलिस्टिन हे प्रतिजैविक देण्यावर २०१९ मध्ये बंदी आली. दोन्ही निर्णय मला पटतात. औषधाची पुडी हाताशी होती तोवर मीसुद्धा पिल्लाच्या पोटाला हात लावून पाहिला नव्हता.

आता दहाव्या दिवसापासून चिमूटभर भरडा आईजवळच ठेवायला सांगतो. दूध तोडल्यावर पसरट थाळ्यात, सगळ्यांना एकदम तोंड घालता येईल अशी पातळ पेज, दिवसातून चार-पाचदा, दर वेळी ताजी.

परवा अकरांपैकी दोघांच्या पाठीवर रेघ होती. पहाटे पाचला एकाच्या नाकाला भरडा चिकटलेला दिसला. दुसरं कोपऱ्यातच बसून होतं. बोटाला पेज लावून त्याच्या ओठाशी धरली. बराच वेळ गेला, मग ते चोखू लागलं.