घाट घातला त्याची गोष्ट

दिवाळीची सुटी लागली, माझा रजेचा अर्ज कचेरीत एकदाचा मंजूर झाला, आणि पुण्याहून मोटारीने वाई, पाचगणी, महाबळेश्वर असे दरमजल करीत आंबेनळीच्या वाटेने कोकणात उतरावे, असा आम्ही घाट घातला. हा शब्द माझ्या तोंडून सहज गेला. परंतु नऊ वर्षांच्या कन्येने तो तत्काळ पकडला आणि घाट म्हणजे डोंगरातला रस्ता असे शाळेत शिकविले असताना तो 'घालायचा' कसा, अशी पृच्छा केली. मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. ते पुढे प्रवासानेच दिले, आणि तेही हप्त्याहप्त्याने.

मंडळी पाच होतो: पत्नी, दोन मुले, मी आणि माझी आई. आईचे माहेर पोलादपुराच्या अंगाचे. "मला घाटावर दिली," हे वाक्य ती लग्नाला इतकी वर्षे लोटली तरी अशा काही स्वरात म्हणते, की घाट हा भूगोलाचा विषय नसून सासर-माहेर यांच्या मधला उंबरठा आहे, असे ऐकणाऱ्यास वाटावे. तिच्या दशम्या, लसणीची चटणी आणि पाण्याचा फिरकीचा तांब्या एवढा सरंजाम घेऊन आम्ही पहाटे निघालो. कात्रज आणि खंबाटकी हे दोन घाट मुलांनी झोपेतच ओलांडले.

वाईला कृष्णेच्या काठी त्यांचे डोळे उघडले. रास्त्यांनी १७६२ साली बांधलेले ढोल्या गणपतीचे देऊळ नदीला अगदी खेटून उभे आहे आणि त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची, निमुळती केलेली आहे. हेतू असा, की पूर आला म्हणजे पाणी तिच्यावर आदळण्याऐवजी दुभंगून दोहों बाजूंनी निघून जावे. तेथून कोस-दीड कोसावर मेणवली. नाना फडणवीसांच्या वाड्यामागे चंद्रकोरीसारखा वळलेला, काळ्या दगडाचा घाट पाण्यात उतरतो, आणि एका लहानशा देवळीत वसईच्या मोहिमेतून आणलेली पोर्तुगीजांची घंटा टांगलेली आहे. पायऱ्यांवर बसून कन्या म्हणाली, "हासुद्धा घाटच ना?" आई म्हणाली, "हाच खरा घाट. धुणे धुता येते तो." आणि मघाच्या त्या भिंतीचा जो डौल, त्यालाही आपण दगडाचा घाटच म्हणतो, हे माझ्या ध्यानी आले. कोणास ठाऊक, चांगल्या कामाला घाट येतो तो समोरच्या पाण्याचा स्वभाव ओळखल्यानेच येत असावा.

पसरणीच्या घाटात आमची परीक्षा झाली. एकीकडे कातळाचे थरावर थर, दुसरीकडे वाईचे खोरे आणि त्यातून चकाकत गेलेली कृष्णा, असा देखावा वळणावळणाला अधिक उंचावरून दिसत असताना, पुढच्या मोटारीस मागे टाकण्याच्या हव्यासापायी मी यंत्राचा अंत पाहिला, आणि रेडिएटरमधून वाफेचा लोट उठला. झाकण उघडण्यास मी सरसावलो, तोच एका ट्रकचालकाने हात धरला. "साहेब, आधी गाडी थंड होऊ द्या, हात भाजेल." त्याने चाकामागे दगड लावला, आम्हांस कठड्याच्या आत बसविले, आणि अर्ध्या तासाने झाकणावर ओले फडके टाकून ते हळूच सैल केले. जाताना त्याने दोन सूत्रे दिली: ज्या गिअरात चढाल त्याच गिअरात उतरा, आणि चढत्या गाडीला आधी वाट द्या. त्या अर्ध्या तासात दशम्या संपल्या, आणि आमच्या धाकट्याने खालच्या खोऱ्यातील देवळांची शिखरे मोजून काढली. मोटार धड असती तर ही मोजदाद झाली नसती.

पाचगणीच्या जांभ्या दगडाच्या विस्तीर्ण पठारावर मुले मनसोक्त धावली. महाबळेश्वरच्या बाजारपेठेत आम्ही फार रेंगाळलो नाही. क्षेत्र महाबळेश्वरास मात्र दिवस मावळेपर्यंत बसलो. पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री यांचे प्रवाह ओळीने येतात आणि एकाच गोमुखातून बाहेर पडतात. वेण्णा पुढे माहुलीस आणि कोयना कऱ्हाडास कृष्णेला मिळते. कृष्णा, पश्चिमेचा सागर जेमतेम पासष्ट किलोमीटरांवर असूनही, त्याच्याकडे पाठ फिरवून सुमारे १,४०० किलोमीटर चालत पूर्वसमुद्र गाठते. सावित्री तेवढी सरळ कड्यावरून कोकणात उडी घेते आणि बाणकोटास समुद्राला मिळते. आईने हे सारे निमूटपणे ऐकले आणि म्हणाली, "म्हणजे कृष्णेलाही घाटावरच दिली." यावर बोलण्यासारखे काही उरले नाही.

दुसऱ्या दिवशी प्रतापगड पाहिला. १० नोव्हेंबर १६५९ रोजी येथे जे घडले ते मुलांना पाठ होते; परंतु जावळीचे ते दाट, दऱ्याखोऱ्यांचे रान बुरुजावरून पाहिल्यावर मोठ्या फौजेला या मुलखात शिरणे किती जड गेले असेल, हे त्यांना न सांगता कळले. पुढे आंबेनळीचा उतार लागला. ट्रकचालकाचे सूत्र स्मरून मी दुसऱ्या गिअरातच राहिलो. समोरून चढणारी एस. टी. दिसली की बाजूस थांबलो, धबधब्याची क्षीण झालेली धार दिसली की थांबलो, आणि कुणी म्हणाले म्हणूनही थांबलो. हवा दाट आणि उबदार होत गेली, आणि एका वळणावर आईने स्वेटर काढून घडी करून ठेवला. "आले माहेर," ती एवढेच म्हणाली.

पोलादपुराजवळ सावित्रीच्या पाण्यात मुलांनी पाय बुडविले, तेव्हा कन्येने बोटांवर हिशेब केला: घातलेला घाट, चढायचा, धुण्याचा, दगडाचा आणि आजीला दिलेला, असे एकूण पाच. प्रतापगडची वेळ वजा जाता महाबळेश्वरापासूनचा तो सुमारे चाळीस किलोमीटरांचा उतार उतरायला आम्हांला साडेतीन तास लागले. वाचकांपैकी कुणी मुलेमाणसे घेऊन त्या वाटेने जाणार असेल, तर त्याने यापेक्षा कमी वेळ हाताशी ठेवून निघू नये.