पाचवा दिवस

कल्चर प्लेटचं झाकण किंचित उचलायचं आणि वास घ्यायचा, ही माझी तीस वर्षांची सवय. सुडोमोनास जंतूचा द्राक्षासारखा गोडसर वास मला यंत्राआधी कळायचा. त्याचा मला गर्व होता. गेल्या पावसाळ्यात माझ्या विद्यार्थिनीनं माझा हात धरला. ‘‘मॅडम, नको. आजींकडे शेळ्या आहेत.’’

आजी माणदेशातल्या. गुडघा बदलून दोन वर्षं झालेली. ताप नाही, नुसतं ठणकणं. ऑपरेशनमधून मांसाचे पाच तुकडे आले. पाचव्या दिवशीही प्लेट कोऱ्याच. मी ‘नो ग्रोथ’ लिहून सही करणार, तेवढ्यात ती म्हणाली, ‘‘थांबू या.’’ आणि वॉर्डात आजींजवळ जाऊन बसली. कच्चं दूध रोजचं. त्या वर्षी दोन शेळ्या गाभडल्या होत्या. सगळं आजींनीच हातांनी आवरलेलं.

आठव्या दिवशी टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसले. ग्रॅम स्टेनमध्ये बारीक लालसर वाळू, युरिएज चाचणी झटकन गुलाबी. ब्रुसेला. डेव्हिड ब्रूसनं १८८७ साली माल्टात शोधलेला, श्वासावाटे शिरून प्रयोगशाळेतल्या माणसालाच धरणारा. आणि मी तो हुंगायला निघाले होते.

भीती ओसरली, पाचवा दिवस मात्र डोक्यातून जात नाही. क्युटिबॅक्टेरियमसारख्या सावकाश वाढणाऱ्या जंतूसाठी चौदा दिवस थांबा, हे मीच शिकवते. पण इन्क्युबेटर भरलेला असतो, सर्जनचे फोन येतात, आणि माझे रिपोर्ट वेळेच्या आधी जातात ही माझी ख्याती. ती मला फार प्रिय होती. ‘नो ग्रोथ’चा अर्थ एवढाच, की मी पाहिलं तोवर काही उगवलं नव्हतं. वाचणारा मात्र ‘जंतू नाही’ असं वाचतो.

सर्जन मंडळींवरही माझा राग आहे. नमुना घेण्याआधीच अँटिबायोटिक देतात. कल्चर कोरं आलं, की अंदाजानं टीबीची औषधं. त्यातलं रिफॅम्पिसिन एकटं ब्रुसेलाला अर्धवटच दाबतं, आणि खरं दुखणं आणखी खोल दडतं.

आजींचा सांधा दोन टप्प्यांत बदलला. डॉक्सिसायक्लिन आणि रिफॅम्पिसिन तीन महिने चाललं. आता त्या चालतात.

मी मात्र जुनी रजिस्टरं काढून बसते. एका नोंदीपाशी दर वेळी थांबते. एका बाईंचा गुडघा, पुन्हा पुन्हा पाणी भरणारा. चौथ्याच दिवशी माझी सही. पुढे त्यांचा सांधा काढावा लागला, पाय कायमचा ताठ राहिला. त्या नोंदीत व्यवसायाचा रकाना रिकामा आहे. फोन करून तो भरून घेणं माझं काम होतं.