दारात होडी, पण खाली गाळ!

गेल्या जानेवारीत एल. टी. सी. घेऊन आम्ही सहकुटुंब केरळला गेलो. कुर्ला टर्मिनसहून नेत्रावती एक्सप्रेस पकडली आणि दुसऱ्या दिवशी आलेप्पीला, म्हणजे आजच्या अलप्पुळाला उतरलो. सहलीवाले येथे हाउसबोटीत राहतात. आमच्या खिशाला ते झेपणारे नव्हते. आम्ही सरकारी जलवाहतूक खात्याच्या बोटीचे तिकीट काढले. गावातली माणसे भेटतात ती याच बोटीत!

त्रावणकोर संस्थानाने १७६२ साली येथे बंदर सुरू केले. वेंबनाड सरोवरातला माल बंदरापर्यंत आणण्यासाठी शहरातून दोन समांतर कालवे काढले. शहराबाहेर कुट्टनाडात तर कालवा हाच रस्ता. घरोघरी पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या आणि पायरीला बांधलेली होडी. भातशेती समुद्रसपाटीच्याही खाली, बांधाच्या आधाराने उभी.

एका घरी चहाला थांबलो. घरातले काका पूर्वी बोटीवर नोकरीला होते, मोडकी हिंदी बोलत. त्यांनी दारातल्या कालव्यात बांबू घातला. पाणी जेमतेम गुडघाभर, खाली नुसता चिखल! मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या पत्नीला रात्री दवाखान्यात न्यायचे होते. इंजिनाची होडी दारापर्यंत येईना. पंखा चिखलात रुतला. शेवटी खुर्चीत बसवून चौघांनी त्यांना बांधावरून मोठ्या कालव्यापर्यंत उचलून नेले. “घर पाण्यात, पण पाणी उपयोगाचे नाही,” काका म्हणाले.

हा गाळ साचतो कसा? खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून तण्णीरमुक्कमचा बंधारा १९७६ साली पुरा झाला. उन्हाळ्याच्या महिन्यांत त्याची दारे बंद असतात. पूर्वी खाऱ्या पाण्याने जलपर्णी मरे. आता ती माजते, कुजते आणि तळाशी बसते. त्यात २०१८ च्या महापुराचा गाळ आणि वस्तीचा कचरा.

पूर्वी गाळ दरवर्षी निघत असे. मजूर बुडी मारून तळाची माती काढत, होडीत भरत. ती बांधाला आणि नारळाच्या बुंध्याला जाई. हे कष्ट कोणाचे? पुलया, परया या अस्पृश्य मानलेल्या जातींच्या माणसांचे. त्यांनी सरोवरातून जमीन उभी केली. मालकी मात्र जमीनदारांची! मजुरी वाढली, माणसे इतर कामांना गेली आणि कालवे भरत चालले.

आता तराफ्यावर पोकलेन ठेवून किंवा पंपाने गाळ ओढून काम होते. त्यात तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. खोली मोजायची ती पाणी सर्वांत कमी असताना. काठालगत फार खोल खणायचे नाही, नाहीतर दगडी काठ कोसळतो. आणि काढलेला गाळ काठावरच टाकला, तर पहिल्या पावसात पुन्हा आत! प्लास्टिक मिसळलेला गाळ तर नारळालाही चालत नाही. आम्ही हिशेबाच्या खात्यातले. आमच्या लगेच ध्यानात आले, की बिल घनमीटरवर निघत असेल, तर कामाआधी आणि कामानंतर खोली मोजलीच पाहिजे. मोजमाप नाही, तेथे गाळ कागदावरच निघतो.

अलप्पुळा शहरातल्या कालव्यांच्या सफाईसाठी आपल्या पवईच्या आय. आय. टी.चे विद्यार्थीही येऊन राबले. त्यांचे म्हणणे सरळ होते: घरांचे सांडपाणी आणि कचरा थांबवल्याशिवाय नुसते उपसून भागत नाही.

परतीच्या प्रवासात बाबासाहेबांची आठवण झाली. व्हाइसरॉयच्या मंडळात ते १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते. पाटबंधाऱ्यांचा कारभारही त्यांच्याकडे होता. त्यांच्याच काळात १९४५ साली केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग स्थापन झाला. आजचा केंद्रीय जल आयोग तो हाच. पाणी पिकासाठी, विजेसाठी, तसेच वाहतुकीसाठीही, असा त्यामागचा विचार.

वाचकहो, आपल्या वस्तीतल्या नाल्यात होडी चालत नाही हे खरे. पण पावसाळ्यापूर्वी तोही उपसला जातो आणि गाळ काठावरच पडून राहतो. यंदा मंडळातर्फे चार जणांनी जाऊन एवढेच विचारावे: किती खोल काढला, कोठे टाकला, मोजला कोणी? अर्ज लिहून द्यायला आम्ही आहोतच.