प्रातिनिधिक संग्रहातला मी

प्रातिनिधिक कवितासंग्रहात कविता छापून येणे नाशिकमध्ये तरी अवघड नाही. व्हॉट्सॲपवर आवाहन येते: विषय पाऊस, ओळी वीस, सोबत फोटो आणि परिचय, सहयोग निधी अमुक, प्रती दोन. पैसे पाठवले की कविता आली. ‘निवड झाली’ असे मी वर्षानुवर्षे घरी सांगत आलो. खरे तर माझी एकही कविता कधी परत आली नव्हती, आणि पैसे भरणाऱ्याची कविता कोण कशाला परत करील, हे मी मनाला विचारत नव्हतो. आवाहनात ‘आयएसबीएनसह’ असे ठळक अक्षरांत असे, त्यालाही मी भुललो. तो क्रमांक आपल्याकडे प्रकाशकाला फुकट मिळतो. पुस्तक ओळखता यावे एवढाच त्याचा उपयोग, दर्जाशी त्याचा संबंध नाही. हे कळले तोवर कपाटाचा एक कप्पा भरला होता.

२०१५च्या सिंहस्थाच्या सुमारास गोदावरीवरच्या संग्रहासाठी मी अशीच एक कविता लिहून दिली. रामकुंड, तपोवन, काळाराम, पाण्यात सोडलेले दिवे, सगळे तिच्यात आले. मी राहतो सिडकोत. नदी दिसते ती पुलावरच्या गर्दीत अडकलो तर. रामकुंडाच्या तळाला घातलेले काँक्रीट, ते काढा म्हणून चाललेले भांडण, पाण्यावर पसरणारी जलपर्णी यांतले काही कवितेत नाही. काळाराम आला, पण बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३०ला त्याच देवळासमोर सुरू झालेला सत्याग्रह, त्यासाठी राबलेले आमच्याच जिल्ह्यातले दादासाहेब गायकवाड, यांचा मला विसर पडला. विसर कसला, विषयपत्रिकेत ते बसत नव्हते. पुढे ‘आई’ या विषयाचे आवाहन आले तेव्हा गोदामाईची नुसती माय केली, शीर्षक बदलले आणि तीच कविता धाडली. कुणाच्या लक्षात आले नाही. अशा संग्रहात जो तो आपले पान काढून बघतो आणि पुस्तक मिटतो. मीही शेजारच्या पानावरची कविता वाचलेली नव्हती.

संग्रह कसा असतो हे बघायला लांब जायची गरज नव्हती. सातवाहन राजा हाल याच्या नावावरची ‘गाथासप्तशती’ ही याच गोदाकाठच्या मुलखातली. महाराष्ट्री प्राकृतात, कितीतरी कवींच्या मिळून सातशेच्या आसपास गाथा. कोटभर गाथांतून त्या निवडल्या असे ग्रंथातच म्हटले आहे. कोटीचा आकडा सोडून देऊ, पण कुणीतरी बहुतेकांना नकार दिला होता एवढे त्यावरून कळते. शेते, वाटसरू, नांदत्या घरातल्या कुरबुरी, चोरून भेटणारी माणसे, सगळी गावाकडची आणि जिवंत. पांडवलेण्यांत सातवाहनांचे शिलालेख आहेत; तिथे मी पावसाळ्यात जाऊन फोटो काढतो. ग्रंथ मात्र हातात घेतला तो संपादक झाल्यावर, प्रस्तावनेत उल्लेख हवा म्हणून.

हो, संपादकही झालो. जिल्ह्यातल्या कवींचा संग्रह काढायचे आम्ही काही मित्रांनी ठरवले. पेठ-सुरगाण्याकडचे कुणी ओळखीचे नव्हते, म्हणून ते तालुके राहिले. त्यांची पाने शहरातल्या मित्रमंडळींत वाटली गेली. ‘संपूर्ण जिल्ह्याचा काव्यस्वर’ हे शब्द तरीही प्रस्तावनेत आहेत आणि ते माझेच आहेत.

याहून वाईट पुढेच आहे. बागलाणातल्या एका ताईंची अहिराणी कविता आली. ओवीच्या चालीची, जात्यावर म्हणता येईल अशी. पूर्ण संग्रहात तिच्या तोडीचे काही नव्हते. मी ती ‘सुधारली’. ‘शे’चे ‘आहे’ केले, ‘मना’चे ‘माझा’. शहरातल्या वाचकाला कळायला हवे, असे कारण स्वतःलाच दिले. अक्षरे वाढल्याने चाल मोडली, तेव्हा चाल सावरायला दोन ओळी उडवल्या. ताईंना विचारले नाही, प्रूफही दाखवले नाही; प्रकाशनाचा हॉल ठरला होता आणि छापखान्याची घाई होती. बहिणाबाईंच्या कविता १९५२ साली बोलीसकट छापून आल्या, महाराष्ट्राने त्या डोक्यावर घेतल्या, हे मी भाषणांतून कितीदा सांगितले असेल! माझ्या टेबलावर बोलीतली कविता आली तेव्हा मला लाल पेन सापडले.

प्रकाशनाच्या दिवशी ताई आल्या. पुस्तक न उघडता त्यांनी कविता पाठ म्हटली, त्यांची मूळची. त्या दिवशी खऱ्या टाळ्या पडल्या त्या तेवढ्याच. खाली आल्यावर त्यांनी पान उघडले, बोट ठेवून वाचले आणि म्हणाल्या, ‘‘भाऊ, हाई मनी कविता नही.’’ मी प्रमाणलेखन, वाचकवर्ग असे काहीबाही बोलत राहिलो. त्या ऐकून घेऊन शेवटची एसटी गाठायला निघून गेल्या. आवाज चढवला असता तर मला वाद घालता आला असता.

१९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५७ आहे. लेखनाची मोडतोड होऊन लेखकाच्या लौकिकाला बाधा येत असेल, तर हक्क दुसऱ्याला दिलेले असले तरी त्याला दाद मागता येते. ताईंनी तसे काही केले नाही. पुरवणीचा एक कागद छापून उरलेल्या प्रतींत मूळ कविता चिकटवावी, असे मी सुचवले. मंडळींनी खर्चाचे कारण दिले आणि मीही नेट धरला नाही. तेवढा खर्च माझ्या खिशातून सहज झाला असता.

पुढे ताईंची स्वतःची अहिराणी पुस्तिका निघाली. तिच्यात ती कविता मूळ रूपात, सगळ्या ओळींसह आहे. आमच्या संग्रहाची प्रत कुणाकडे असेल, तर बागलाणच्या पानावरचा पाठ कृपया कुठे उद्धृत करू नका. तो चुकीचा आहे.