समानार्थी शब्दांची भाऊबंदकी

सामाजिक संस्थांचे अहवाल, संशोधकांचे प्रबंध, अधूनमधून एखाद्या निवृत्त अधिकाऱ्याचं आत्मचरित्र, अशी इंग्रजी हस्तलिखितं माझ्याकडे संपादनाला येतात. लिहिणारे बहुतेक मराठी. व्याकरण बरं असतं. 'अ' आणि 'द' इकडेतिकडे पडलेले असतात, ते उचलून जागेवर ठेवायला फारसं डोकं लागत नाही. वेळ खातात ते समानार्थी शब्द.

दुष्काळी भागातल्या पाणीपुरवठ्यावरचा एक अहवाल चांगला लक्षात आहे. गावातल्या बायकांशी बोलून लिहिलेला. एकच शब्द पुन्हा पुन्हा वापरू नये, हा शाळेतला नियम लेखकाने इमानाने पाळला होता. त्यामुळे 'सेड' पहिल्या परिच्छेदात एकदा आला आणि पुढे त्याचे सगळे भाऊबंद पंगतीला बसले. टँकर आठवड्यातून एकदाच येतो, असं बायकांनी 'क्लेम' केलं. विहिरीच्या पाण्याने मुलं आजारी पडतात, असं 'अलेज' केलं. शाळेत पाणी नाही, हे मुख्याध्यापकांनी 'अ‍ॅडमिट' केलं. कंत्राटदाराची पाळी येईपर्यंत बहुधा शब्द संपले असावेत. तो आपला नुसता 'सेड'.

शब्दकोशात हे सगळे एकमेकांशेजारी नांदतात. वाक्यात आले की भांडतात. 'क्लेम'मध्ये 'ती म्हणतेय खरं, पण...' असा सूर आहे. 'अलेज' कोर्टाच्या पायऱ्या चढून आलेला. 'अ‍ॅडमिट' करणाऱ्याने आधी काहीतरी लपवलेलं असतं, आणि इथे मुख्याध्यापकांनी तर आपण होऊन माहिती दिली होती. अहवालात एकही वाक्य खोटं नव्हतं. तरी बायका संशयित, मुख्याध्यापक अपराधी आणि कंत्राटदार तेवढा भरवशाचा, असं चित्र उभं राहत होतं. मी सगळीकडे 'सेड' केलं. लेखक हिरमुसले. "मॅडम, फार कंटाळवाणं वाटेल हो." वाटत नाही. 'सेड'कडे वाचकाचं लक्षच जात नाही. तो बोलणाऱ्याकडे पाहतो. शब्द बदलला की वाचकाला वाटतं, लेखकाला आता काही वेगळं सुचवायचंय. या हौशी शब्दबदलाला फाउलर बंधूंनी 1906 साली 'एलिगंट व्हेरिएशन' असं खोचक नाव देऊन ठेवलंय. आमच्याकडे मात्र अजून त्याचे गुण मिळतात.

त्याच अहवालात एक वाक्य होतं: नळ आल्यामुळे मुलींची शाळेतली हजेरी वाढली. त्यासाठी क्रियापद वापरलं होतं 'कॉज'. अर्थ बरोबर, कार्यकारणभाव बरोबर, तरी वाचताना हजेरी वाढणं ही काहीतरी दुर्घटना वाटत होती. याचं कारण कोशातल्या व्याख्येत सापडायचं नाही. इंग्रजीत 'कॉज'च्या मागे येतात अपघात, नुकसान, काळजी, मृत्यू. सदा अशाच संगतीत वावरून त्याच्या अंगाला वास लागलाय. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांनी खऱ्याखुऱ्या छापील आणि बोली इंग्रजीचा मोठा साठा संगणकात घालून, शब्द कुणाच्या शेजारी बसतात हे तपासलं. त्यातून 1987 साली कोबिल्ड शब्दकोश निघाला. 'सेट इन' हे वरवर निरुपद्रवी दिसणारं क्रियापद बहुतेक वेळा सडणं, निराशा, खराब हवामान अशाच गोष्टींबरोबर येतं, हे सिंक्लेअर यांनी दाखवून दिलं. दोन शब्दांमध्ये अडले की मीही आता व्याख्या वाचत नाही. दोघांची पन्नासेक वाक्यं काढून शेजारी कोण कोण आहे ते बघते. 'कॉज'च्या जागी मी 'लेड टू' लिहिलं.

इतके शब्द इंग्रजीकडे आले कुठून, हा इतिहास शाळेत शिकवायला हवा होता. 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. राज्यकर्त्यांची फ्रेंच, चर्चची आणि पंडितांची लॅटिन, आणि खाली रयतेची जुनी इंग्रजी. नवे शब्द आले म्हणून जुने सगळे गेले नाहीत. अनेक ठिकाणी एकाच गोष्टीला दोन-तीन नावं राहिली. 'हेल्प' रयतेचा, 'एड' फ्रेंचमार्गे आलेला, 'असिस्टन्स'ही तिकडचाच, पण अंगावर लॅटिनची झूल. पोहता न येणारा माणूस बुडताना 'असिस्टन्स, असिस्टन्स' असं ओरडत नाही. हे मराठी माणसाला परकं वाटायचं कारण नाही. अरबी-फारसीतून आलेली 'मदत' आपण शेजाऱ्याकडे मागतो. संस्कृतातलं 'साहाय्य' शासन करतं, तेही बहुधा 'अर्थ' जोडून, अर्ज घेऊन.

आणि स्वयंपाकघरात तर आपण सगळेच पंडित. चटणी वाटायची, गहू दळायचे, मसाला कुटायचा, चंदन उगाळायचं. भाजी चिरायची, नखं कापायची. गहू वाटले असं कुणी म्हणालं तर लहान मूलसुद्धा हसेल, आणि त्याने कोश उघडलेला नसतो. इंग्रजीत आपल्याला नेमकं हेच मिळालेलं नसतं. आपण इंग्रजी शब्द शिकलो ते एका मराठी अर्थाची चिठ्ठी लावून, आणि एकच चिठ्ठी लागली की दोन शब्द आपल्याला जुळे वाटतात. 'शेड'ही सावली, 'शॅडो'ही सावली. मग आत्मचरित्रातले आजोबा लिंबाच्या 'शॅडो'त घोंगडी टाकून बसतात. शॅडोला आकार असतो, ती कुणाची तरी असते आणि जमिनीवर पडते. शेडमध्ये बसता येतं, ऊन लागत नाही. 'इन द शॅडो ऑफ' म्हटलं की एखाद्याच्या दबावाखाली किंवा भीतीखाली जगणं सुचतं. आजोबा बिचारे दुपारचं जेवून लवंडले होते.

थिसॉरसवर माझा राग नाही, त्याच्या वापरावर आहे. पीटर मार्क रॉजे हे पेशाने डॉक्टर. त्यांनी तो 1852 मध्ये काढला तेव्हा ते 73 वर्षांचे होते. मांडणी अकारविल्हे नव्हती, कल्पनांप्रमाणे होती, आपल्या अमरकोशासारखी. मनात अर्थ आहे, शब्द जिभेवर येत नाही, अशा माणसासाठी ते काम होतं. आता शब्दावर उजवी कळ दाबली की पाच-सहा पर्यायांची यादी उघडते. ती ओळखीचा शब्द आठवून द्यायला उत्तम आहे. अनोळखी शब्द तिच्यातून उचलणं म्हणजे नुसत्या बायोडाटावर जावई करून घेणं.

कायद्याच्या मसुद्यात हा खेळ महाग पडतो. करारात आधी 'टेनंट' आणि पुढे शोभेसाठी 'ऑक्युपंट' लिहिलं, तर वकील सरळ म्हणणार, शब्द वेगळा म्हणजे माणूस वेगळा. राज्यघटनेच्या 1948 च्या मसुद्यात 'लिबर्टी'आधी 'पर्सनल' हा शब्द घातला गेला. नुसत्या 'लिबर्टी'चा अर्थ फार ऐसपैस लावला जाईल आणि दुसऱ्या कलमात स्वतंत्रपणे दिलेली 'फ्रीडम्स'ही त्यात ओढली जातील, हे मसुदा समितीने तळटीपेत लिहून ठेवलंय. मराठीत दोन्हींना 'स्वातंत्र्य' म्हणून आपण मोकळे होतो.

हे सगळं पुन्हा डोक्यात आलं ते एका तरुण संशोधक मुलीच्या प्रबंधामुळे. आंबेडकरांवरचं प्रकरण, मांडणी नेटकी, आणि जात व अस्पृश्यता यांच्या पुढे 'अ‍ॅबॉलिश', 'इरॅडिकेट', 'एलिमिनेट', 'अनाइहिलेट' ही चार क्रियापदं आळीपाळीने. मी समासात लिहिलं, हे चार शब्द म्हणजे चार वेगळी कामं आहेत. 'इरॅडिकेट' म्हणजे मुळासकट उपटणं, थेट आपलं निर्मूलन. 'एलिमिनेट'च्या पोटात लॅटिन उंबरठा आहे: उंबरठ्याबाहेर काढणं. मूळ अर्थ आज कुणाच्या ध्यानात नसतो, पण अस्पृश्यतेबद्दलच्या वाक्यात तो मला टोचला. 'अ‍ॅबॉलिश' राजा करतो, संसद करते. सतराव्या कलमात अस्पृश्यतेबाबत तोच शब्द आहे. आणि 1936 साली लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने भाषण रद्द केल्यावर बाबासाहेबांनी ते स्वतः छापलं, त्याच्या शीर्षकात 'अनाइहिलेशन' आहे, काहीही शिल्लक न ठेवणं. कायदा 'अ‍ॅबॉलिश' करू शकतो. 'अनाइहिलेट' करणं त्याच्या आवाक्यात नाही. त्यासाठी त्या पुस्तकात बाबासाहेब धर्मशास्त्रांच्या प्रामाण्यालाच हात घालतात. तिच्या प्रकरणाचा गाभा नेमका या दोन शब्दांमधल्या अंतरात होता, आणि वैविध्याच्या नादात तोच पुसला जात होता.

तिला ते पटलं. कलमाची गोष्ट निघाली की 'अ‍ॅबॉलिश', पुस्तकाची निघाली की 'अनाइहिलेट', बाकीचे दोन काढून टाकले. प्रकरण मार्गदर्शकांकडे गेलं आणि आठवड्याभरात परत आलं. पहिल्याच पानावर शेरा: पुनरुक्ती फार, शब्दसंपदा वाढवा. "ताई, आता काय करू?" फोनवर ती रडकुंडीला आली होती. मग आम्ही दोघींनी बसून 'हाउएव्हर'च्या जागी आलटून पालटून 'नेव्हरदलेस' आणि 'नॉनदलेस' घातले, आणि प्रकरण मंजूर झालं.